नॅनोमीटरच्या शर्यतीपलीकडची चिप: हलणारी आणि उष्णता ओळखणारी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने आपल्या पेपरात सिलिकॉन चिपवर बरंच छापून येतंय आणि मी ते सगळं वाचतो, कारण माझं रोजचं काम त्याच मटेरियलशी आहे. चांगलं लिहिताय, त्याबद्दल आधी आभार. पण एक गोष्ट राहून राहून खटकते म्हणून हे पत्र. सगळी चर्चा ५ नॅनोमीटर, ३ नॅनोमीटर, आता २ नॅनोमीटर अशी आकडा खाली आणण्याभोवतीच फिरते आणि वाचणाऱ्याचा, त्यातही इंजिनियरिंगला जाऊ बघणाऱ्या मुलामुलींचा, असा समज होतो की चिप म्हणजे हिशोब करणारी वस्तू, जितकी बारीक तितकी भारी, बाकी त्यात काही नाही. हे चित्र अर्धवट आहे. त्याच सिलिकॉनमधून हलणारी यंत्रं बनतात, त्याच सिलिकॉनवर प्रकाशाला वळवणारे, गाळणारे, शोषून घेणारे बारीक आकार कोरता येतात, आणि ही दोन्ही कामं एकत्र आली की इन्फ्रारेड प्रकाशात जे करता येतं ते मला तरी मराठीत कुठे नीट वाचायला मिळालेलं नाही.

यंत्रांचं आधी सांगतो. याला मेम्स म्हणतात, म्हणजे मायक्रो-इलेक्ट्रोमेकॅनिकल सिस्टिम्स, चिपवरची सूक्ष्म हलणारी यंत्रं. मोबाईल आडवा केला की स्क्रीनवरचं चित्र आडवं होतं, ते ज्या सेन्सरमुळे होतं त्याच्या आत सिलिकॉनचा एक इवलासा वजनाचा तुकडा बारीक स्प्रिंगांवर लटकलेला असतो आणि खरोखर हलतो. गाडीची एअरबॅग उघडायचा इशारा पण असाच एक तुकडा देतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठातल्या भाषणात इतकी छोटी यंत्रं बनवायची कल्पना मांडली, १९८२ मध्ये कर्ट पीटरसन यांनी एका मोठ्या लेखात दाखवून दिलं की सिलिकॉन हा मेकॅनिकल मटेरियल म्हणून पण जबरदस्त आहे, आणि १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी चिपवर आरसे बसवले, प्रत्येक आरसा आपापला कलणारा. थिएटरच्या डिजिटल प्रोजेक्टरमध्ये तीच आयडिया लाखो आरशांनिशी वर्षानुवर्षं चाललीये. म्हणजे चिपवरचे हलणारे भाग टिकत नाहीत असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही.

आता इन्फ्रारेड, शाळेच्या पुस्तकातले अवरक्त किरण. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली प्रिझममधून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे थर्मामीटर ठेवला, तर तापमान चढलं. आपल्या त्वचेतून हा प्रकाश चोवीस तास बाहेर पडतो, आणि त्याचा जोर साधारण साडेनऊ मायक्रॉन वेव्हलेंग्थच्या, म्हणजे प्रकाशाच्या एका लहरीच्या लांबीच्या, आसपास सगळ्यात जास्त असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटरच्या हजारपट. माणसाचा केस ७०-८० मायक्रॉन जाड धरला तर त्याच्या आठव्या भागाइतकी ही लहर. आणि दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की हवेतले बरेच वायू आपापल्या ठराविक इन्फ्रारेड लहरी शोषतात, कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनला, मिथेन ३.३ मायक्रॉनच्या आसपास, कार्बन मोनॉक्साइड ४.६७ च्या आसपास, त्यामुळे कोणती लहर गायब झालीये हे बघितलं की समोर कोणता वायू आहे हे कळतं, वास असो नसो.

इथे माझा खरा मुद्दा येतो आणि तो नीट समजावून सांगावासा वाटतो. मेम्सचे भाग किती हलू शकतात? व्होल्टेज दिलं की साधारण अर्धा मायक्रॉन, एक मायक्रॉन, कधी थोडं जास्त. आणि इन्फ्रारेडची लहर केवढी? तीन ते बारा मायक्रॉन. ही दोन मापं जवळपास एकाच घरातली आहेत, म्हणून यंत्राची जी हालचाल आपल्या दृष्टीने काहीच नाही ती प्रकाशाच्या दृष्टीने खूप मोठी ठरते. उदाहरण घ्या. दोन अर्धपारदर्शक आरसे समोरासमोर ठेवले की त्यांच्यातलं अंतर जेवढं असेल त्याच्या दुप्पट वेव्हलेंग्थचा प्रकाश त्यातून आरपार जातो, ढोबळ मानाने हाच हिशोब. आरशांमध्ये २.१३ मायक्रॉन अंतर ठेवलं तर ४.२६ वाला प्रकाश जाईल, म्हणजे फिल्टर कार्बन डायऑक्साइडवर लागला. आता वरचा आरसा बारीक स्प्रिंगांवर लटकवा, खालच्याशी व्होल्टेज लावून त्याला ओढा, अंतर १.६५ मायक्रॉन केलं की तोच फिल्टर मिथेनवर लागला. आरसा हलला किती, अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी! वीज लागते ती आरसा ओढताना, धरून ठेवायला जवळपास काहीच लागत नाही. यात एक मर्यादा आहे जी या क्षेत्रातला प्रत्येक जण पहिल्याच वर्षी शिकतो, असा आरसा मूळ अंतराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ओढला की स्प्रिंग हरते आणि आरसा धाडकन खाली चिकटतो. २.१३ चा एक तृतीयांश म्हणजे ०.७१, आपल्याला लागतंय ०.४८, म्हणजे बसतंय. असे हिशोब मुलांना दाखवले तर त्यांना यात गोडी लागेल असं मला मनापासून वाटतं.

आता नॅनो भाग. २०११ मध्ये हार्वर्डच्या फेडेरिको कापासो यांच्या ग्रुपने सिलिकॉनवर सोन्याच्या इंग्रजी व्ही आकाराच्या अँटेना ओळीने मांडून दाखवलं की सपाट पृष्ठभाग प्रकाशाला पाहिजे त्या कोनात वाकवू शकतो, आणि लक्षात घ्या की तो प्रयोग ८ मायक्रॉनच्या इन्फ्रारेड प्रकाशावर होता. अशा पृष्ठभागाला मेटासरफेस म्हणतात. प्रत्येक अँटेना किंवा पृष्ठभागावर कोरलेला प्रत्येक बारीक खांब लहरीपेक्षा छोटा, त्याचा आकार किंचित बदलला की प्रकाश तिथून किती मागेपुढे होऊन निघणार ते बदलतं, त्यामुळे लाखो खांबांची नीट मांडणी केली की फुगीर काचेचं काम एक सपाट पापुद्रा करतो. पापुद्रा म्हटल्यावर वजन नाही, आणि वजन नाही म्हटल्यावर मेम्सच्या नाजूक स्प्रिंगा तो सहज हलवू शकतात. जाड काचेची लेन्स अशा स्प्रिंगांवर ठेवायचा विचारही कोणी करणार नाही. २०१८ मध्ये आरगॉन नॅशनल लॅबोरेटरी आणि हार्वर्ड यांनी मिळून मिड-इन्फ्रारेडची सपाट लेन्स मेम्सच्या हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवर बसवली आणि ती दोन्ही दिशांना कलवून फोकस हलवून दाखवला. त्याच वर्षी कॅलटेकच्या आंद्रेई फराओन यांच्या ग्रुपने दोन सपाट लेन्स एकमेकींसमोर ठेवून त्यांच्यातलं अंतर फक्त १ मायक्रॉनने बदललं तर लेन्सची पॉवर ६० डायॉप्टरहून जास्त बदलली, म्हणजे चष्म्याच्या नंबरच्या भाषेत ६० नंबर. हे ऐकून कोणी हुरळून जाऊ नये म्हणून लगेच सांगतो, ती लेन्स इतकी छोटी होती की तिची मूळ पॉवरच प्रचंड, त्यात हा बदल साधारण ४ टक्क्यांचा, आणि ती होती निअर-इन्फ्रारेडची, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाला लागून असलेल्या पट्ट्यातली. तरीपण १ मायक्रॉनमध्ये ४ टक्के हे मोठंच काम आहे.

आणि इन्फ्रारेडमध्ये हे आकार कोरायला सगळ्यात नवी, सगळ्यात महागडी मशिनरी लागतेच असं नाही. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशासाठी मेटासरफेस करायचा तर दहा-वीस नॅनोमीटरपर्यंतची अचूकता सांभाळावी लागते, पण लहर दहापट मोठी झाली की खांब पण त्या प्रमाणात मोठे होतात, आणि जुन्या पिढीच्या फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्यात, जिथे १८० नॅनोमीटर किंवा त्याहून जाड काम होतं, तिथे ते निघू शकतात. २ नॅनोमीटरच्या बातम्या वाचून ज्यांना वाटतं की जुनी फॅब म्हणजे भंगार त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचायला पाहिजे.

थर्मल कॅमेऱ्याचं बघा. त्याच्या आत जो मायक्रोबोलोमीटर, म्हणजे उष्णता मोजणारा सेन्सर, असतो तो मुळात हनीवेलने १९८० च्या दशकात लष्करासाठी गुपचूप डेव्हलप केला आणि १९९२ मध्ये तो खुला झाला. प्रत्येक पिक्सेल म्हणजे दोन बारीक पायांवर हवेत उभा असलेला छोटा पूल, त्यावर व्हेनेडियम ऑक्साइडचा थर, उष्णता पडली की त्याचा रेझिस्टन्स बदलतो. पाय बारीक ठेवतात ते उष्णता खाली निसटू नये म्हणून, आणि आतली हवा काढून व्हॅक्यूम करतात तेही त्यासाठीच. पूल खालच्या आरशापासून साधारण अडीच मायक्रॉनवर उभा असतो, १० मायक्रॉनच्या लहरीचा चौथा भाग, म्हणजे पहिल्या फेरीत जो प्रकाश शोषला गेला नाही तो आरशावर आपटून परत येताना शोषला जावा असा हिशोब. यंत्र आणि ऑप्टिक्स यांची जोडी इथे तीस वर्षांपूर्वीच जमली होती, फक्त ऑप्टिक्स साधं होतं. त्यामुळे आजचा थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनमधलं जे येईल ते सगळं एकत्र मोजतो. स्क्रीनवर दिसणारे लाल-निळे रंग सॉफ्टवेअरने भरलेले असतात, कॅमेऱ्याला स्वतःला रंग कळत नाही. पुलावरच जर ठराविक मापाच्या नॅनोअँटेना बसवल्या तर तो पिक्सेल फक्त आपली लहर शोषेल, शेजारचा दुसरी, त्याच्या शेजारचा तिसरी, आणि मग उष्णतेच्या प्रकाशात खरा रंग मिळेल, त्यावरून समोरचं मटेरियल कोणतं, गळती कोणत्या वायूची हे कळेल. आणि पूल आणखी बारीक, आणखी हलका करता येईल, कारण अँटेनाचा थर अगदी पातळ असूनही आपल्या लहरीवरचा जवळजवळ सगळा प्रकाश खाऊ शकतो. हलका पूल लवकर तापतो, लवकर थंड होतो, म्हणजे कॅमेरा फास्ट.

पण मला यातलं सगळ्यात आवडणारं काम वेगळंच आहे आणि ते जरा सविस्तर सांगतो. २०१७ मध्ये नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या मातेओ रिनाल्डी यांच्या ग्रुपने नेचर नॅनोटेक्नॉलॉजी या शोधपत्रिकेत एक स्विच मांडला. बॅटरीवर चालणारा कुठलाही सेन्सर झोपेत पण थोडी वीज खात असतो, कारण काही घडलं का हे त्याला सतत बघावं लागतं, आणि जंगलात आगीवर नजर ठेवायला ठेवलेल्या सेन्सरची बॅटरी आग न लागताच संपते. या स्विचला वाट बघायला वीजच लागत नाही. एक सूक्ष्म दांडी आहे, तिच्या टोकाकडे सोन्याच्या नॅनोपट्ट्यांचा शोषक, तो फक्त एका ठराविक इन्फ्रारेड लहरीला दाद देतो, उदाहरणार्थ गरम धुरातल्या वायूंच्या लहरीला. तो प्रकाश आला की शोषक तापतो, दांडीचा पाय दोन वेगळ्या मटेरियलच्या थरांचा असतो, त्यातला एक जास्त प्रसरण पावतो म्हणून दांडी वाकते आणि समोरच्या धातूला टेकते, सर्किट पूर्ण. साधारण ५०० नॅनोवॅट इतका प्रकाश मिळाला तरी पुरतो, आणि दांडी वाकवायची ताकद त्या प्रकाशातूनच येते. दुपारच्या उन्हाने सगळी चिपच तापली तर? मग स्विच उगीच लागेल ना? त्यावर उपाय इतका सुंदर आहे की पहिल्यांदा वाचल्यावर मी ड्रॉइंग काढून पुन्हा पुन्हा बघितलं. समोरचं टोक पण तशाच पायांवर उभं आहे, फक्त ते त्या लहरीचा प्रकाश शोषत नाही. हवा तापली की दोन्ही बाजू सारख्याच वाकतात आणि मधलं अंतर तेवढंच राहतं, ठराविक लहर आली तरच एक बाजू एकटी वाकते. आत कॉम्प्युटर नाही, अॅम्प्लिफायर नाही, आणि तरी ही वस्तू निर्णय घेते.

एवढं सगळं जमतंय तर बाजारात भरभरून का दिसत नाही, हा प्रश्न कोणीही विचारेल आणि विचारायलाच पाहिजे. माझ्या मते मोठी अडचण अशी आहे की यंत्रवाले आणि प्रकाशवाले वेगवेगळ्या डिपार्टमेंटमध्ये बसतात, वेगवेगळ्या कॉन्फरन्सला जातात, आणि डिझाइन एकाने संपवल्यावर दुसऱ्याच्या हातात देतात. मी एका लॅबमध्ये हे डोळ्यांनी बघितलंय. ऑप्टिक्सवाल्यांनी सोन्याच्या अँटेना झकास कोरल्या, सोनं सिलिकॉनवर नीट चिकटत नाही म्हणून खाली टायटॅनियमचा पातळ थर दिला, सगळेच देतात. मग ती वेफर, म्हणजे सिलिकॉनची चकती, मेम्सवाल्यांकडे गेली, त्यांनी हलणारी दांडी मोकळी करायला तिच्याखालचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर हायड्रोफ्लुओरिक अॅसिडने काढला, तेही सगळेच करतात. ते अॅसिड टायटॅनियमही खातं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर दांडी मस्त मोकळी झालेली आणि तिच्यावरची अँटेनांची जाळी अर्धी जागेवर, अर्धी कडेला गोळा झालेली. कित्येक महिन्यांचं काम. टायटॅनियमच्या जागी क्रोमियम वापरलं असतं तर बहुतेक वाचलं असतं, पण ते सुचायला दोघांनी पहिल्या ड्रॉइंगला एकत्र बसायला पाहिजे होतं.

असे प्रकार बरेच आहेत. सोन्याचा ५० नॅनोमीटरचा थर पण ताणलेला असतो, तो पातळ सिलिकॉनच्या प्लेटला हळूच वाकवतो, आणि प्लेट वाकली की सपाट लेन्स सपाट राहत नाही. ओल्या अॅसिडने मोकळं करून सुकवताना पाणी आटता आटता दांडीला खाली ओढून कायमचं चिकटवतं, म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरून एका खास पद्धतीने सुकवावं लागतं किंवा अॅसिडची वाफच वापरावी लागते. मेम्समधलं सगळ्यांचं लाडकं सिलिकॉन डायऑक्साइड ९ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश जोरात शोषतं, म्हणजे नेमकं माणसाच्या शरीराच्या उष्णतेच्या पट्ट्यातच, तिथे ते चुकीच्या जागी राहिलं तर ऑप्टिक्सची वाट लागते. आणि शेवटी पॅकेजिंग. व्हॅक्यूम टिकायला पाहिजे, वरची खिडकी इन्फ्रारेडला पारदर्शक पाहिजे, साधी काच चालत नाही, सिलिकॉन किंवा जर्मेनियम लागतं, आणि जर्मेनियमवर चीनने ऑगस्ट २०२३ पासून निर्यात नियंत्रण लावलंय. बऱ्याचदा चिपपेक्षा तिचं घर महाग पडतं, हे पेपरात कधीच येत नाही.

हे सगळं अवघड आहे, अशक्य नाही, त्याला पुरावा डोक्यावर फिरतोय. २५ डिसेंबर २०२१ ला सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या इन्फ्रारेड स्पेक्ट्रोग्राफमध्ये, म्हणजे प्रकाश लहरीलहरींत फोडून तपासणाऱ्या उपकरणात, नासाच्या गोडार्ड सेंटरने बनवलेल्या सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत, एकेक साधारण १०० बाय २०० मायक्रॉनची. चुंबक फिरवून त्या उघडतात आणि ज्या उघड्या ठेवायच्यात त्या व्होल्टेजने धरून ठेवतात, तेही उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत. त्यामुळे एका वेळी शंभराच्या आसपास आकाशगंगांचा प्रकाश वेगवेगळा करून तपासता येतो. काही झडपा अडकलेल्या आहेत, तिथले लोक त्या धरूनच कामाचं प्लॅनिंग करतात. दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही अशा ठिकाणी मेम्स आणि इन्फ्रारेडवर इतका भरवसा ठेवला गेलाय.

म्हणून संपादकसाहेब, दोन विनंत्या. पहिली, चिपवरच्या पुढच्या लेखांमध्ये या विषयाला जागा द्या, आणि लिहिताना यंत्र आणि प्रकाश एकत्रच लिहा, एका आठवड्यात मेम्स आणि दुसऱ्या आठवड्यात फोटॉनिक्स, म्हणजे प्रकाशाचं तंत्र, असं तोडू नका. फिजिक्सवाल्या मुलीला कळू दे की तिला एचिंग, म्हणजे मटेरियल कोरून काढणं, शिकावं लागेल आणि मेकॅनिकलवाल्या मुलाला कळू दे की त्याला वेव्हलेंग्थ समजून घ्यावी लागेल, तेही कॉलेजला अॅडमिशन घ्यायच्या आधी.

दुसरी विनंती बातम्यांबद्दल. इन्फ्रारेडवर काही नवीन आलं की भिंतीपलीकडचं दिसणारा कॅमेरा असं हेडिंग पडतं आणि मला फार वाईट वाटतं, कारण लोक ते खरं धरून चालतात. थर्मल कॅमेरा भिंतीपलीकडचं बघत नाही, भिंतीच्या पृष्ठभागाची उष्णता बघतो, आणि साध्या खिडकीच्या काचेपलीकडचं पण त्याला दिसत नाही. कपाळावर धरतात त्या थर्मामीटर गनने पण त्वचेचं तापमान कळतं, आतलं तापमान त्यावरून अंदाजाने काढतात. तेव्हा अशी बातमी हाताशी आली की छापायच्या आधी आपल्या बातमीदाराने त्या संशोधकांना एवढं तरी विचारावं की हे रूम टेंपरेचरला चाललं की लिक्विड नायट्रोजनमध्ये, उघड्यावर चाललं की व्हॅक्यूमच्या डब्यात, ठरलेल्या एका लहरीवर की पूर्ण पट्ट्यावर, आणि तो हलणारा भाग किती वेळा हलवून बघितला, शंभर वेळा की शंभर कोटी वेळा. उत्तरं मिळतील तशी, न मिळाली तर तेही, बातमीतच छापावं.

आपला,
या क्षेत्रात काम करणारा एक नियमित वाचक